जखम भरून आल्यावर

(मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूल घरी आले की आजार संपला, असे आपण मानतो. मुलाची जखम काही आठवड्यांत भरते. आईवडिलांच्या मनातील भीती मात्र इतक्या लवकर जात नाही. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका मुलीच्या घरात पुढचे वर्ष कसे जाते, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, शाळेत वर्षातून एकदा डॉक्टर येतात. तुम्ही रांगेत उभे राहता. तुमची उंची मोजतात, वजन करतात, दात पाहतात, डोळे तपासतात आणि कानांना नळी लावून छाती ऐकतात. तुम्हांला त्याचे फारसे काही वाटत नाही. गणिताचा तास बुडाला याचाच आनंद अधिक! पण त्या नळीतून डॉक्टरांना काय ऐकू येते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

निरोगी हृदयाचा आवाज 'लब्‌-डब्‌, लब्‌-डब्‌' असा एका लयीत येतो. काही मुलांच्या छातीत या दोन आवाजांच्या मध्ये वाऱ्याच्या झुळकेसारखा आणखी एक आवाज ऐकू येतो. पुष्कळदा त्यात काळजीचे काहीच नसते. कधीकधी मात्र हृदयात जन्मापासून काही दोष असल्याची ती खूण असते. असे दोष लवकर सापडावेत म्हणून २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. तुमच्या रांगेपुढे बसलेले डॉक्टर याच कामासाठी आलेले असतात.

आता समजा, ही गोष्ट तुमच्याच घरातील आहे. तुम्ही रत्नागिरीत राजिवड्याला राहता आणि नववीत शिकता. तुमची धाकटी बहीण तिसरीत आहे. घरात सगळे तिला छोटी म्हणतात. अब्बा मिरकरवाडा बंदरातील एका बोटीवर तांडेल आहेत. घरात अम्मी आहे आणि दादी आहे. जुलै महिन्यात छोटीच्या शाळेत तपासणी होते आणि डॉक्टर तिची छाती जरा जास्त वेळ ऐकतात. ते एक चिठ्ठी लिहून देतात. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला 'सिव्हिल' म्हणतो तेथे, मुलांच्या हृदयाचे तज्ज्ञ शिबिरासाठी येणार असतात. तेथे तिचा इको काढतात. पोटाची सोनोग्राफी असते ना, तशीच ही हृदयाची. पडद्यावर छोटीचे हृदय उघडमीट करताना दिसते. दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्यात एक छिद्र असते.

छोटी तर हसतखेळत होती! धावताना इतरांपेक्षा लवकर दमायची, सर्दीखोकला वरचेवर व्हायचा, एवढेच. त्यामुळे हे ऐकून अम्मीला प्रथम खरेच वाटत नाही. आणि खरे वाटू लागते, तेव्हा तिच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा : माझे काय चुकले?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आईला पडतो. त्यात शेजारच्या बायका भर घालतात. कोणी म्हणते, पोटुशी असताना ग्रहणात बाहेर गेली असशील. कोणी म्हणते, नजर लागली. यांतले काहीही खरे नाही. आईच्या पोटात पहिल्या आठ आठवड्यांतच बाळाचे हृदय घडते. पुष्कळ बायांना तोपर्यंत दिवस गेल्याचेही धड ठाऊक नसते. जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे आठ-नऊ मुलांच्या हृदयात लहानमोठा दोष असतो. बहुतेकांच्या बाबतीत त्याचे एकच एक कारण दाखवता येत नाही. तुमच्या कानावर असे बोलणे आले, तर अम्मीसमोर ते चालू देऊ नका. वयाने लहान असलात तरी एवढे सांगण्याचा हक्क तुम्हांला आहे.

पुढचे तीन महिने कागदपत्रांत जातात. रेशन कार्ड, आधार कार्ड, इकोचा अहवाल, दोनचार ठिकाणचे शिक्के. गरीब घरातील रुग्णांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये एक योजना सुरू केली. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया या योजनेत होतात. योजना आहे म्हणून पैशाचा घोर कमी होतो, पण अब्बांचे हेलपाटे चुकत नाहीत.

काही मुलांचे असे छिद्र मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी आत नेऊन, छातीवर काप न घेता बंद करता येते. छोटीचे छिद्र मोठे असते आणि त्याच्या कडा पुरेशा नसतात. म्हणून शस्त्रक्रिया करायचे ठरते. नोव्हेंबरमध्ये अम्मी, अब्बा आणि छोटी कोकण रेल्वेने मुंबईला जातात. ही रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी रत्नागिरीहून मुंबईला जायचे म्हणजे रात्रभर एस.टी.चे धक्के खात घाट ओलांडायचे. आजारी मुलाला मांडीवर घेऊन तो प्रवास केलेली माणसे आजही भेटतात. मुंब्र्याला फुफीचे घर आहे. तेथे सामान टाकायचे आणि लोकलने परळला जायचे. परळ भागात के.ई.एम. आणि मुलांचे वाडिया रुग्णालय शेजारीशेजारी आहेत. पहिले १९२६ मध्ये सुरू झाले, दुसरे १९२९ मध्ये. कोकणातील किती आईवडिलांनी या दोन इमारतींच्या पायऱ्यांवर रात्री काढल्या असतील, त्याचा हिशेब कोणाजवळ नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एका कागदावर अब्बांची सही घेतात. काय होऊ शकते, ते सगळे डॉक्टर समजावून सांगतात. त्यांना सांगावेच लागते. वादळात बोट हाकताना न कापणारा अब्बांचा हात त्या कागदावर कापतो. सकाळी छोटीला आत नेतात आणि दार बंद होते. मग चारपाच तास आईवडिलांच्या हाती बसून राहण्याखेरीज दुसरे काही नसते.

एका वडिलांना मात्र तसे बाहेर बसावे लागले नाही. त्यांची हकिकत येथे सांगायलाच हवी.

हृदय उघडायचे तर त्यातून वाहणारे रक्त थोडा वेळ थांबवावे लागते, आणि रक्त थांबले तर मेंदू काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. ही अडचण जगातील शल्यवैद्यांना पुष्कळ वर्षे सुटत नव्हती. १९५२ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे शरीर थंड करून, काही मिनिटांच्या अवधीत छोटीसारखेच छिद्र शिवले. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुस या दोहोंचे काम करणारे यंत्र वापरून अठरा वर्षांच्या मुलीवर अशीच शस्त्रक्रिया केली. पण ते यंत्र तेव्हा भरवशाचे नव्हते. मिनियापोलिसचेच डॉ. वॉल्टन लिलेहाय यांना वाटले, यंत्र नसले तर माणूस का नको? २६ मार्च १९५४ रोजी त्यांनी तेरा महिन्यांच्या एका बाळाला टेबलावर घेतले आणि शेजारच्या टेबलावर त्याच्या वडिलांना निजवले. दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या. बाळाचे काळसर रक्त वडिलांच्या शरीरात जाई, त्यांच्या फुप्फुसांत शुद्ध होई आणि लाल होऊन बाळाकडे परत येई. तितका वेळ वडिलांचे हृदय दोघांसाठी धडधडत होते. बाळाच्या हृदयातील छिद्र बंद झाले. वडीलही सुखरूप राहिले.

अकराव्या दिवशी ते बाळ न्यूमोनियाने गेले.

तरीही दुसरे आईबाप पुढे आले. पुढच्या सव्वा वर्षात लिलेहाय यांनी या पद्धतीने ४५ शस्त्रक्रिया केल्या. २८ मुले बरी होऊन घरी गेली. मग यंत्रे सुधारली आणि माणसाला शेजारी निजवण्याची गरज उरली नाही. आज छोटीसारख्या मुलांची ही शस्त्रक्रिया हृदयाच्या शस्त्रक्रियांमध्ये सर्वांत सुरक्षित शस्त्रक्रियांपैकी एक समजली जाते. पण दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या बापाला अशा गोष्टींनी धीर येतोच असे नाही. मला वाटते, त्या टेबलावर निजण्याची परवानगी आजही कोणी दिली, तर बहुतेक बाप लगेच सदऱ्याच्या बाह्या वर सारतील.

इकडे रत्नागिरीत दादी तस्बीह घेऊन बसलेली असते. तुम्ही मोबाइल हातात घेऊन ओट्यावर. मराठीत एक शब्द आहे 'हवालदिल'. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलांना तो फोड करून सांगायला नको. 'हौल' म्हणजे धास्ती आणि 'दिल' म्हणजे दिल. काळजीने जीव अगदी कासावीस झालेल्या माणसाला मराठीत हवालदिल म्हणतात. या वेळी सगळे घर हवालदिल असते. दुपारी फोन वाजतो. "झाले. डॉक्टर म्हणाले, सगळे ठीक झाले." दादीचा जीव भांड्यात पडतो आणि ती पहिल्यांदा रडते.

अतिदक्षता विभागात अम्मीला हात धुऊन, अंगावर झगा चढवून थोडा वेळ आत सोडतात. खाटेवर जी मुलगी असते ती तिला आपली वाटतच नाही. चेहरा सुजलेला, तोंडात श्वासाची नळी, छातीतून बाहेर आलेल्या नळ्या, चहूकडे तारा. पलीकडच्या पडद्यावर हिरवी रेघ नाचत असते. अम्मी छोटीकडे कमी आणि त्या रेघेकडे जास्त पाहते. एखादे यंत्र वाजले की तिच्या काळजाचा ठोका चुकतो. परिचारिका शांतपणे येते, एक बटण दाबते आणि निघून जाते. हा आवाज अम्मी पुढे कित्येक महिने विसरणार नाही. घरात मिक्सरने किंवा मोबाइलने तसाच आवाज केला, तरी ती दचकणार आहे. दुसऱ्या दिवशी तोंडातील नळी काढतात. घोगऱ्या आवाजात छोटी म्हणते, "पाणी." चमचाभरच मिळते.

सातव्या-आठव्या दिवशी तिला घरी सोडतात. मग फुफीकडे थोडे दिवस राहून, एक तपासणी करून, तिघे रत्नागिरीला येतात. आपल्याला वाटते, येथे गोष्ट संपली. मुलांनो, आईवडिलांची खरी परीक्षा येथून सुरू होते. रुग्णालयात पाहायला यंत्रे होती, विचारायला परिचारिका होती. घरात आता फक्त अम्मी आणि एक छापील कागद!

त्या कागदावरील सूचना साध्या दिसतात, पण त्यामागची कारणे तुम्हांला ठाऊक असली तर तुम्ही घरी खूप उपयोगी पडाल. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीच्या मधले हाड उभे कापलेले असते आणि नंतर ते बारीक तारांनी बांधलेले असते. ते हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून छोटीला काखेत हात घालून उचलायचे नाही. एक हात पाठीखाली आणि एक मांड्यांखाली घालून उचलायचे. तिने दप्तर उचलायचे नाही, सायकल चालवायची नाही, झाडावर चढायचे नाही. ढकलाढकली तर नाहीच नाही. शिंक आली किंवा खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे दुखत नाही. औषधे वेळेवर द्यायची. पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, छातीत दुखू लागले, धाप लागली, उलट्या झाल्या किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर 'उद्या पाहू' म्हणायचे नाही. कारण अशा शस्त्रक्रियेनंतर काही मुलांच्या हृदयाभोवती पाणी साचते. वेळीच कळले तर त्यावर इलाज आहे.

आणखी एक सूचना वाचून तुम्हांला नवल वाटेल. दात स्वच्छ ठेवा! हृदयाचा आणि दातांचा काय संबंध? किडलेल्या दातांतील आणि सुजलेल्या हिरड्यांतील जंतू रक्तात शिरतात. छोटीच्या हृदयात डॉक्टरांनी एक छोटेसे ठिगळ शिवले आहे. त्यावर शरीराचा आपला पापुद्रा चढायला सुमारे सहा महिने लागतात. तोपर्यंत ते जंतू तेथे जाऊन बसण्याची भीती असते. म्हणून या काळात दात काढायचा झाला, तर दातांच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल आधी सांगावे लागते. रोज रात्री छोटीला दात घासायला लावण्याचे काम तुम्ही घ्या. ती कटकट करील. करू द्या.

राजिवड्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. छोटी घरी आल्याचे कळताच माणसांची रीघ लागते. कोणी शहाळी आणते, कोणी यखनी, कोणी सांदण. माया खरी असते. पण येणाऱ्यांपैकी कोणाला खोकला असतो, कोणाच्या कडेवर सर्दी झालेले मूल असते आणि प्रत्येकाला छोटीचा व्रण पाहायचा असतो. अम्मीला कोणाला नाही म्हणवत नाही. दादी मात्र दारात खुर्ची टाकून बसते आणि पाहुण्यांना ओट्यावरच चहा देऊन वाटेला लावते. माझ्या मते त्या महिन्यात छोटीच्या प्रकृतीसाठी दादीइतके काम कोणीच केलेले नसते.

रात्र आली की घर वेगळे होते. तुम्हांला मध्येच जाग येते आणि दिसते, की अम्मी मोबाइलच्या उजेडात छोटीच्या उशाशी बसली आहे. ती श्वास मोजत असते. मिनिटाला वीस, बावीस, एकवीस. मग थोडा वेळ आडवी होते. पुन्हा उठते. पुन्हा मोजते. कोणी तिला हे सांगितलेले नसते. छोटीही सुखाने झोपत नाही. ती स्वप्नात ओरडते, अम्मीचा पदर सोडत नाही, एवढीशी गोष्ट मनाविरुद्ध झाली की भांडे फेकते. पूर्वी एकटी मोरीत जाणारी मुलगी आता सोबत मागते. रुग्णालयातून आलेल्या मुलांचे असे होते. काही आठवड्यांत बहुतेकांचे ते आपोआप कमी होते. तिला 'लाडावली' म्हणू नका.

अब्बांचे निराळेच. मासेमारीचा हंगाम भरात असतो. बोट चारचार दिवस समुद्रात असते. अब्बा मात्र जात नाहीत. आज जाळे दुरुस्त करायचे आहे, उद्या वारा बरा नाही, अशी कारणे निघतात. खरे कारण असे, की समुद्रात मोबाइलला रेंज नसते.

आणि तुम्ही? या घरात आणखी एक मूल आहे, हे काही दिवस कोणाच्या लक्षातच नसते. तुमच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेत किती गुण मिळाले, कोणी विचारत नाही. डबा कधी मिळतो, कधी मिळत नाही. एखाद्या दिवशी तुम्हांला छोटीचा रागही येतो आणि मग तो आल्याबद्दल वाईट वाटते. यात लाजण्यासारखे काही नाही. अम्मी चहा गाळत असताना जवळ जाऊन गुणपत्रिका तिच्या हातात द्या. ती दोन मिनिटे काहीच बोलणार नाही. पण तुम्हांला जवळ ओढून घेईल.

जानेवारीत छोटी शाळेत जाऊ लागते. तिचे दप्तर तुम्ही नेता. वर्गातील मुली विचारतात, "तुझे हृदय बाहेर काढले होते का?" छोटी तिखटमीठ लावून सांगते आणि आठवडाभर ती वर्गातील राणी होते. व्रण जायचा नाही, पण हळूहळू फिका पडेल, असे डॉक्टरांनी तिला सांगितलेले असते. वर्षभर त्याला कडक ऊन लागू द्यायचे नाही. तिला व्रणाचे काही वाटत नाही. त्याची चिंता अम्मी करते, आणि तीही पुढे हिचे लग्न कसे होईल इथपर्यंत!

मे महिन्यात मोठी तपासणी होते. इको पाहून डॉक्टर खूश होतात. ठिगळ घट्ट बसलेले असते आणि फुगलेला कप्पा आकसून जवळजवळ नेहमीसारखा झालेला असतो. ते छोटीला विचारतात, "काय काय खेळतेस?" छोटी उत्तर देण्याआधी अम्मीच्या तोंडाकडे पाहते. डॉक्टरांच्या ते लक्षात येते. ते कागद घेतात आणि त्यावर लिहितात, 'धावणे, पोहणे, सर्व खेळ चालतील.' अब्बा तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवतात. आणि घरी आल्यावर काहीच बदलत नाही. छोटी लंगडी खेळायला उठली की अम्मीची हाक येते. पायऱ्या चढली की अब्बा म्हणतात, "हळू." जूनमध्ये पाऊस सुरू होतो. सर्व मुले भिजतात. छोटी खिडकीत.

१९६४ मध्ये ग्रीन आणि सॉल्निट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक लेख प्रसिद्ध केला. एखादे मूल मरणाच्या दारातून परत येते आणि पूर्ण बरे होते. पण आपण त्याला गमावणार, असे ज्या आईवडिलांना एकदा वाटले, ते पुढेही त्याला काचेच्या भांड्यासारखे जपत राहतात. अशी मुले आईला सोडत नाहीत, त्यांना झोप नीट लागत नाही, अभ्यासात ती मागे पडतात. शरीरात दोष उरलेला नसतो, पण मूल स्वतःला आजारीच समजू लागते. लेख वाचताना मला विशेष वाटले ते असे, की त्या डॉक्टरांनी आईवडिलांना नावे ठेवलेली नाहीत. ज्याने एकदा आपले मूल त्या खाटेवर पाहिले आहे, त्याला 'उगीच घाबरता' म्हणणे सोपे आहे. त्याची भीती उगीच नसते. ती फक्त वेळेवर निघून गेलेली नसते.

ती जाते, पण एका दिवसात जात नाही. ऑगस्टच्या आरंभी मासेमारीची बंदी उठते आणि या वेळी अब्बा बोटीवर जातात. पहिल्या खेपेला दोनच दिवस. परत येताना धक्क्यावर पाय ठेवण्याआधीच फोन करतात. मग चार दिवस. तुम्ही डॉक्टरांच्या कागदाची प्रत काढून छोटीच्या खेळाच्या शिक्षकांना नेऊन देता. कारण तेही तिला सावलीत बसवून ठेवत असतात. शिक्षक कागद वाचतात आणि तिला खो-खोच्या रांगेत बसवतात. त्या दिवशी ती गुडघा फोडून घरी येते. अम्मी हळद लावते. छातीकडे पाहत नाही, गुडघ्याकडेच पाहते.

ऑक्टोबरमधील एके दिवशी अम्मीला जाग येते ती थेट फजरच्या अजानीला. रात्रभर ती एकदाही उठलेली नसते. हे लक्षात येताच ती घाबरून छोटीच्या अंथरुणाकडे धावते. छोटी आडवीतिडवी पसरून, तोंड उघडे टाकून झोपलेली असते. अम्मी तेथेच खाली बसते. सवयीने मोजायला लागते आणि सातावर थांबते. मग चहाचे आधण ठेवायला उठते.

डिसेंबरमध्ये एका रविवारी तुम्ही सर्व जण भाट्याच्या किनाऱ्यावर जाता. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत मुलांची शर्यत लागते. छोटी विचारायला थांबत नाही. धावतेच. अब्बा चटकन उभे राहतात. मग वाळूत तसेच उभे राहून पाहतात. ती चौथी येते आणि कमरेवर हात ठेवून, लालबुंद तोंडाने धापा टाकत परत येते.

"दम लागला?" अब्बा विचारतात.

"हो," छोटी म्हणते. "सगळ्यांनाच लागला."

शब्दार्थ

तांडेल – मासेमारी बोटीचा प्रमुख. पोटुशी – गरोदर. हेलपाटे – पुन्हा पुन्हा घातलेल्या खेपा. शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. ठिगळ – जोड म्हणून शिवलेला तुकडा. व्रण – जखम भरल्यावर राहणारी खूण. सांधणे – जुळून येणे. रीघ – येणाऱ्याजाणाऱ्यांची सतत रांग.

स्वाध्याय

१. छोटीला काखेत हात घालून का उचलायचे नाही?

२. दातांची स्वच्छता आणि हृदय यांचा संबंध तुमच्या शब्दांत लिहा.

३. हंगाम असूनही अब्बा समुद्रात का जात नव्हते?

४. 'जीव भांड्यात पडणे', 'काळजाचा ठोका चुकणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

५. जखम, इलाज, दवाखाना, हवालदिल हे शब्द उर्दूतही ओळखीचे वाटतात. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत चालणारे असे आणखी दहा शब्द शोधा.

६. आजारातून उठून शाळेत आलेल्या एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी बोला. घरची माणसे तिला किंवा त्याला अजून कोणत्या गोष्टी करू देत नाहीत, ते विचारून आठ-दहा ओळी लिहा.